पेरणीचं डिझेल आणि पेरणीआधीचं डिझेल

प्रश्न : नमस्कार. आम्ही उमरेड तालुक्यातले. घरची अठरा एकर काळी जमीन आहे. खरिपात सगळीकडे सोयाबीन आणि त्यामागून हरभरा घेतो. ३९ एचपीचा ट्रॅक्टर आणि सहा फणांचं जुनं पेरणी यंत्र घरचंच आहे. हिशेबाची वही माझ्याकडे असते. गेल्या हंगामात एकरी डिझेल लागलं ते असं : नांगरणीला ८ लिटर, कल्टिव्हेटरच्या दोन पाळ्यांना मिळून ७, रोटाव्हेटरला ६ आणि पेरणीला ३. बियाणं एकरी ३० किलो टाकलं. तरी उगवण कुठे दाट, तर कुठे हात-हात मोकळं. पाच एकर दुबार पेरावं लागलं. माझ्या दिरांनी नागपूरला प्रदर्शनात न्यूमॅटिक प्लांटर पाहिलं. भाऊजी म्हणतात, डिझेल अर्धं लागते, बियाणं निम्म्यावर येते, कर्ज काढून घेऊन टाकू. मामाजी म्हणतात, ट्रॅक्टरनं पेरणंच खोटं, तिफणीची पेर बरी होती. दोघांच्या मध्ये मी सापडले. यंत्र घ्यावं का? आणखी एक, बियाण्याला जिवाणू खत लावलं की दाणे एकमेकांना धरतात आणि यंत्रातून नीट पडत नाहीत. त्यावर उपाय सांगा.

उत्तर : ताई, तुम्ही आकडे लिहून पाठवले म्हणून सरळ उत्तर देता येतं. कर्ज काढून न्यूमॅटिक प्लांटर घेऊ नका. अठरा एकरांच्या सोयाबीनवर ते यंत्र डिझेलमधून स्वतःचे पैसे कधीच फेडणार नाही.

तुमचीच वही पुढे ठेवून बघू. एकरी २४ लिटर डिझेल गेलं आणि त्यात पेरणीचं फक्त ३, म्हणजे आठवा हिस्सा. अठरा एकरांच्या पेरणीला ५४ लिटर. समजा ते खरोखर अर्ध्यावर आलं, तर वाचले २७ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर २,४३० रुपये झाले. न्यूमॅटिक यंत्राची किंमत लाखांत असते. त्या कर्जाचं वर्षाचं व्याजच या बचतीच्या कितीतरी पट होईल.

आणि ते अर्ध्यावर येणारही नाही. या यंत्रात एक पंखा असतो, तो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालतो. पंखा तबकडीच्या एका बाजूची हवा ओढतो, तबकडीच्या भोकाला एकेक दाणा चिकटून पुढे जातो आणि हवेची ओढ तुटली की तासात, म्हणजे फणानं पाडलेल्या चरीत पडतो. काम फार सुरेख आहे, भाऊजींना ते आवडलं यात नवल नाही. पण दाणा धरून ठेवायचा तर पंख्याचा वेग पडता कामा नये. त्यासाठी पीटीओला मिनिटाला ५४० फेरे मिळतील इतकी इंजिनाची रेस पूर्ण वेळ ठेवावी लागते. तुमच्या जुन्या यंत्राला अशी अट नाही. ते जमिनीवरच्या चाकावर चालतं, म्हणून ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये टाकून रेस कमी ठेवता येते. हलक्या कामाला डिझेल वाचवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग तोच, आणि न्यूमॅटिक यंत्र नेमका तोच काढून घेतं.

मग ‘डिझेल अर्धं’ ही गोष्ट येते कुठून? ब्राझील आणि अमेरिकेतल्या सोयाबीनच्या मोठ्या शेतांवर खरोखर डिझेल कमी लागतं. पण तिथे फार मोठ्या क्षेत्रावर जमीन न नांगरता, मागच्या पिकाच्या धसकटांतच थेट पेरणी होते. तिथली बचत गाळलेल्या मशागतीची असते. आपल्याकडे नांगर, कल्टिव्हेटर, रोटाव्हेटर सगळं करून शेवटी तेच प्लांटर लावलं, तर आधीचे २१ लिटर जागच्या जागी राहतात.

तेव्हा डिझेल वाचवायचं असेल तर त्या २१ लिटरमध्ये हात घाला. सोयाबीनसाठी दरवर्षी नांगरणीची गरज नाही. तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट पुरे, अशीच शिफारस आहे. उन्हाळ्यात आपल्या काळ्या जमिनीला हात जाईल अशा भेगा पडतात, ती जमीन स्वतःच उकलते. अठरा एकरांचे सहा-सहाचे तीन भाग करा आणि दरवर्षी एकच भाग नांगरा. ज्या तुकड्यात हराळी किंवा कुंद्याचं तण माजलं असेल त्याचा नंबर आधी लावा. याने वर्षाला ९६ लिटर वाचतात.

रोटाव्हेटर तर सोयाबीनच्या पेरणीआधी सोडूनच द्या. यात डिझेल जातंच, वर उगवणीचंही नुकसान होतं. भारी जमिनीत रोटाव्हेटर फिरला की वरचा थर पिठासारखा होतो. पेरणीनंतर जोराची सर आली की तो बसतो आणि उन्हानं त्याची पापडी धरते. सोयाबीनचा कोंब दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन वर येतो. पापडी कडक असली तर त्याची मान मोडते आणि तो आतच सडतो. तुमच्याकडे हात-हात मोकळं राहिलं त्यातल्या काही जागा याच असणार, असं मला वाटतं. रोटाव्हेटरचे १०८ लिटर आणि नांगरणीचे ९६ मिळून २०४ लिटर होतात, म्हणजे १८ हजारांच्या वर रुपये. त्यासाठी कोणतंही यंत्र घ्यायचं नाही. कल्टिव्हेटरच्या दोन पाळ्या राहू द्या, पण दुसरी पाळी पहिल्या पावसानंतर उगवलेल्या तणावर, उथळ मारा.

आता उगवणीकडे येतो. तुमचा खरा तोटा तिथेच झाला आहे. पाच एकर दुबार पेरणी म्हणजे पुन्हा दीडशे किलो बियाणं, पुन्हा डिझेल आणि उशिरा पेरल्यानं जाणारं उत्पन्न वेगळं. गेल्या वर्षी मोकळ्या जागा कशा पडल्या होत्या ते घरात तिघांनी बसून आठवा. प्रत्येक फेरीत ठरावीक एक ओळच खाली गेली असेल, तर त्या फणाची नळी मातीनं बुजली होती किंवा त्या ओळीचा, पेटीतून बियाणं सोडणारा रोलर झिजला आहे. ट्रॅक्टरच्या चाकांमागच्या दोनच ओळी पातळ असतील, तर चाकानं दाबलेल्या जमिनीत ते फण पुरेसे खोल गेले नाहीत. ते दोन फण थोडे खाली घ्या. प्रत्येक तासाच्या सुरुवातीला दोन-तीन हात मोकळं असेल, तर ट्रॅक्टर उभा असताना यंत्र खाली टेकवलं जातं. ओल्या काळ्या मातीत असं टेकवलं की फाळाच्या तोंडात चिखलाचा बोळा बसतो. ट्रॅक्टर हळू पुढे सरकत असतानाच यंत्र खाली सोडायचं. आणि सगळ्याच ओळी एखाद्या पट्ट्यात गायब असतील, तर दोष यंत्राचा नाही. तिथे ओल कमी होती, पाणी साचलं होतं किंवा दाणा फार खोल गेला.

खोली हा सोयाबीनचा खरा मुद्दा आहे. दाणा ३ ते ५ सेंटिमीटरवर पडला पाहिजे, म्हणजे बोटाची जेमतेम दोन पेरं. त्याखाली गेलेला दाणा भारी जमिनीतून वर येईल याचा भरवसा नाही. दोन झाडांत नेमकं ५ सेंटिमीटर अंतर पडलं का, याला सोयाबीनमध्ये तितकं महत्त्व नाही. शेजारी जागा मोकळी असली तर सोयाबीनचं झाड फांद्या काढून ती भरून काढतं. मक्याला ते जमत नाही, म्हणून मक्यात एकेक दाणा मोजून टाकणाऱ्या यंत्राचा फायदा मोठा दिसतो. सोयाबीनला एकसारखी खोली आणि एकसारखी ओल मिळाली की निम्मं काम झालं.

खोली बिघडते ती मुख्यतः वेगानं. आभाळ भरून आलं की ट्रॅक्टर पळवला जातो. फण उड्या मारतात, दाणा कुठे वर, कुठे खोल पडतो. पेरणी तासाला ४ किलोमीटरच्या आसपास करा. मोजायचं कसं? बांधावर २० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका. ते अंतर कापायला ट्रॅक्टरला १८ सेकंद लागले पाहिजेत. तुम्ही मोबाइलवर वेळ लावा, भाऊजींना गिअर आणि रेस जुळवू द्या. एकदा जुळलं की त्याच गिअरमध्ये सगळं शेत. या वेगानं सहा ओळींचं यंत्र, वळणं धरूनही, तासाला पावणेदोन एकरांच्या आसपास पेरतं. म्हणजे अठरा एकर दोन दिवसांत आरामात होतात, पळवायची गरजच नाही. तासं शेताच्या लांब बाजूनं घ्या, वळणं कमी होतील.

आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून वापसा, म्हणजे पाय न रुतता काम करता येईल अशी ओल, आल्याशिवाय यंत्र शेतात उतरवू नका. जूनच्या मध्यात पहिल्या सरीवर पेरून मोकळं होण्याची घाई आपल्या भागात दरसाल कितीतरी घरांना दुबार पेरायला लावते, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. कारण एवढा एक खर्च तरी आपल्या हातात असतो.

बियाण्याचा हिशेबही मांडून दाखवतो, म्हणजे ‘निम्म्यावर’ची गोष्ट तुम्हालाच तपासता येईल. ओळीत ४५ आणि झाडात ५ सेंटिमीटर धरलं तर एकरात सुमारे १ लाख ८० हजार झाडं बसतात. मध्यम दाण्याच्या वाणात १०० दाणे साधारण १२ ग्रॅम भरतात. म्हणजे दाणा ना दाणा उगवला तर साडेएकवीस किलो बियाणं लागतं. उगवण ८० टक्के असेल तर २७ किलो, ७० टक्के असेल तर जवळजवळ ३१. आपण एकरी ३० किलो टाकतो ते याच हिशेबानं. निम्मं, म्हणजे १५ किलो टाकलं तर ८० टक्के उगवणीलाही एकरात लाखभरच झाडं राहतील. ती तूट फांद्यांनी भरून निघेल असं मी कुणालाही सांगणार नाही.

वाचवता येतात ते एकरी तीन-चार किलो, आणि त्यासाठी आधी घरी उगवण तपासावी लागते. ओल्या गोणपाटावर १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवा, ओल टिकवा आणि आठवडाभरानं चांगले कोंब मोजा. पिशवीवर काय छापलंय ते वाचून भागत नाही, कारण सोयाबीनच्या दाण्याचं साल फार पातळ असतं. पोती आपटली, थप्पी उंच लावली तरी आतला कोंब दुखावतो.

उगवण कळली की यंत्र बसवा. हे काम मे महिन्यातच अंगणात करून घ्या. तुमच्या यंत्राच्या चालक चाकाचा घेर दोरीनं मोजा. समजा तो दीड मीटर भरला. सहा ओळींची रुंदी २.७ मीटर. चाकाच्या एका फेऱ्यात ४ चौरस मीटरपेक्षा जरा जास्त पेरणी होते, म्हणजे हजार फेऱ्यांत एक एकर. आता यंत्र उचलून ठेवा, पेटीत बियाणं भरा, सहाही नळ्यांखाली सहा डबे लावा आणि चाक हातानं ५० वेळा फिरवा. एकरी २७ किलो हवं असेल तर सगळ्या डब्यांत मिळून १३५० ग्रॅम पडलं पाहिजे, एकेका डब्यात २२५. डबे वेगवेगळे तोला. दहा-पंधरा ग्रॅमचा फरक चालेल. एखाद्या डब्यात दीडशे आणि शेजारच्यात तीनशे निघाले, तर गेल्या वर्षीचं ‘कुठे दाट, कुठे मोकळं’ तुम्हाला अंगणातच सापडलं. त्या डब्यांतले दाणे ताटात पसरून बघायला विसरू नका. दाण्यांची डाळ झालेली दिसली तर रोलर बियाणं फोडतो आहे, आणि असा दाणा शेतात कधीच उगवणार नाही.

शेतात गेल्यावर एक गोष्ट आणखी तपासा. चालक चाकावर खडूनं खूण करा आणि २० फेऱ्यांत ट्रॅक्टर किती अंतर गेला ते मोजा. हिशेबानं ३० मीटर व्हायला हवं. ३३ भरलं तर चाक घसरतंय आणि बियाणं दहाएक टक्के कमी पडतंय. चाकाच्या दात्यांत माती भरून ती गुळगुळीत झाली की असं होतं. प्रत्येक दोन-चार वळणांनंतर माती खरवडून काढायला एक माणूस मागे असू द्या.

मामाजींचं म्हणणं मी बाजूला सारत नाही. तिफणीमागे चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या नरसाळ्यावर, जिची मूठ बसलेली असे, ती बाई ओल पाहून, जमीन पाहून दाणा सोडत असे. बैलांच्या चालीमुळे खोली एकसारखी राहत असे. त्यांना आठवते ती चांगली उगवण खरीच होती. आता बैलजोडी आणि माणसं मिळणं कठीण झालं, पण वेग आणि खोली या दोन गोष्टी ट्रॅक्टरवरही सांभाळता येतात. पेरणीच्या दिवशी मामाजींना तासांमागे चालू द्या. दर फेरीला पाच-सात ठिकाणी माती उकरून दाणा किती खाली आहे ते त्यांनी सांगायचं आणि भाऊजींनी यंत्र जुळवायचं. त्यांच्या नजरेइतकं चांगलं मापक तुमच्या घरात दुसरं नाही.

एवढं करूनही जुनं यंत्र दाद देत नसेल, तर नवं जरूर घ्या, पण तिरक्या तबकडीचं. त्यात प्रत्येक ओळीला बियाण्याची वेगळी पेटी असते आणि तिरकी फिरणारी तबकडी आपल्या खाचांतून मोजके दाणे उचलते. पंखा नाही, पीटीओ नाही, चाकावरच चालतं. किंमत न्यूमॅटिकच्या मानानं बरीच कमी. तबकडी बदलली की त्यावर तुमचा हरभराही पेरता येतो, म्हणजे यंत्र वर्षातून दोनदा कामाला येतं. घेताना खताची पेटी असलेलं आणि दोन्ही बाजूंना सरी पाडणारे फाळ लागणारं, म्हणजे ज्याला आपण बीबीएफ म्हणतो तसलं पाहा. उमरेडकडच्या भारी जमिनीत जुलै-ऑगस्टच्या झडीत पाणी साचतं आणि मुळं कुजतात. वरंब्यावर पीक असलं तर ते पाणी सरीतून निघून जातं. उघडीप पडली तर सरीत मुरलेली ओल कामाला येते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये विदर्भात पिवळा मोझॅक आणि मूळकूज-खोडकूज या रोगांनी सोयाबीनचे कसे हाल झाले ते तुम्ही पाहिलंच आहे. तेव्हापासून दाट पेरणी आणि साचलेलं पाणी या दोन्ही गोष्टींची मला धास्तीच वाटते.

विकत घेण्याआधी एक हंगाम भाड्यानं वापरा. जवळच्या गावात अवजार बँक असेल किंवा एखाद्या शेतकरी गटाकडे यंत्र असेल. दोन एकर त्यानं पेरा, शेजारचे दोन एकर जुळवलेल्या जुन्या यंत्रानं पेरा, आणि पंधरा दिवसांनी दोन्हीकडे दहा-दहा ठिकाणी एक-एक मीटर ओळीतली झाडं मोजून वहीत लिहा. ४५ बाय ५ च्या हिशेबानं मीटरला वीस झाडं हवीत. आकडे समोर आले की भाऊजींशी वाद घालायची वेळच येणार नाही.

घ्यायचं ठरलं तर कर्जाआधी अनुदान. कृषी यांत्रिकीकरणाचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर होतो. महिला शेतकऱ्यांना ठरलेल्या मर्यादेत ५० टक्के अनुदान मिळतं, सर्वसाधारण शेतकऱ्यांना ४० टक्के. तेव्हा सातबाऱ्यावर तुमचं किंवा सासूबाईंचं नाव असेल तर अर्ज त्या नावानंच करा. शेतकरी ओळख क्रमांक काढलेला असू द्या. आणि पूर्वसंमतीचं पत्र हाती आल्याशिवाय यंत्र घरी आणू नका. आधी घेतलं आणि मग बिल लावलं, तर अनुदान मिळत नाही.

ट्रॅक्टरच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. मे महिन्याच्या धुळीत एअर फिल्टर भरतो, हंगामाआधी तो साफ करा. धूर काळा येत असेल तर नोझल तपासून घ्या. टायरची हवा पुस्तिकेत शेतकामासाठी दिली आहे तेवढीच ठेवा, रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी वाढवलेली हवा शेतात चाक घसरवते. नांगरणीसाठी ट्रॅक्टरला लावलेलं जादा वजन पेरणीला लावून ठेवू नका.

राहिला जिवाणू खताचा प्रश्न. दाणे चिकटतात कारण द्रावण जास्त होतं किंवा सुकायला वेळ मिळत नाही. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकल्यावर सगळ्यात शेवटी रायझोबियम आणि पीएसबी ही जिवाणू खतं, हा क्रम मोडू नका. उलट केलं तर जिवाणू मरतात. बियाणं ताडपत्रीवर पातळ पसरून हलक्या हातानं वरखाली करा, चोळू नका, साल सुटतं. सावलीतच सुकवा आणि मुठीत घेऊन सोडलं तर दाणे सुटे घरंगळतील तेव्हाच पेटीत भरा. एका वेळी दोन तासांत पेरून होईल इतक्याच बियाण्याला लावा. आणि अंगणात डबे लावून यंत्र तपासाल ते अशाच, प्रक्रिया करून सुकवलेल्या बियाण्यावर तपासा. कोरडं बियाणं वेगळं पडतं, प्रक्रिया केलेलं वेगळं. तपासणीचं हे बियाणं मात्र बाजूला काढून ठेवा, ते घरच्या धान्यात किंवा जनावरांच्या खाण्यात जाता कामा नये.